माळढोकाची तसबीर



यंदा दशलक्षण पर्वात एका संध्याकाळी मंडळातल्या बायका आमच्या नव्या घरी आरतीला आल्या होत्या. सूर्यास्त झालेला, त्यामुळे चहापाण्याचा प्रश्नच नाही. आरतीनंतर नुसत्या गप्पा चालल्या होत्या. तेवढ्यात एका ज्येष्ठ काकूंचं लक्ष हॉलमधल्या भिंतीकडे गेलं. तिथे सुनेने नुकतीच एक तसबीर लावली होती.

"कुठला गं हा पक्षी?" काकूंनी विचारलं.

"माळढोक, काकू. आपल्या नान्नजचा," सून हौसेने सांगू लागली. "१८३१च्या सुमाराचं चित्र आहे. मूळ चित्र इंग्लंडमध्ये हाताने रंगवलेलं आहे, हे त्याचं छापील."

"अगं बाई! मग समोर बसवून काढलं की काय?"

"नाही, जिवंत कुठला बसतोय? तेव्हा पक्षी मारायचे, कातडं काढून आत कापूस भरायचे आणि ते समोर ठेवून चित्र काढायचे."

सून शिकलेली, खरं ते बोलली. पण खोली एकदम गप्प झाली. काकू उठताना एवढंच म्हणाल्या, "देवघराच्या समोरच्याच भिंतीवर लावलंय होय!" दुसऱ्या दिवशी दोघींचे फोन आले. एकीने सांगितलं, काढून टाका. दुसरी म्हणाली, "त्या काकूंचं मनावर घेऊ नका, चित्रच तर आहे." मला दोन्ही पटलं नाही. का पटलं नाही, ते आज लिहिते.

आधी चित्राविषयी, कारण ते कसं होतं हे कळल्याशिवाय हो किंवा नाही म्हणण्यात अर्थ नाही. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत जॉन गोल्ड नावाचा माणूस पक्ष्यांची कातडी भरण्याचं काम करायचा. हिमालयातून पाठवलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांचा एक मोठा गठ्ठा त्याच्या हाती आला. त्यावरून त्याने शंभर पक्ष्यांचा चित्रग्रंथ काढला. ८० मोठी चित्रं, १८३० ते १८३२ या काळात भागाभागाने निघालेली. पक्ष्यांची नावं आणि माहिती व्हिगॉर्स या शास्त्रज्ञाने लिहिली. आपल्या माळढोकाला १८३१ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं तेही त्याच्याकडून. त्या नावाचा अर्थ 'काळ्या डोक्याचा'. गंमत बघा, माळावर राहणारा, डोंगराशी काही संबंध नसलेला आपला पक्षी जगापुढे गेला तो हिमालयाच्या ग्रंथातून. ज्यांनी चित्र काढलं त्यांनी ना हिमालय पाहिला होता, ना सोलापूरचा माळ.

चित्रं काढली जॉनच्या बायकोने. तिचं नाव एलिझाबेथ, जन्म १८०४चा. नवरा कच्ची रेखाटनं करून द्यायचा. ती नीट करून चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने उलटी उतरवायची हे काम तिचं. त्यासाठी ती दगडावरची छपाईची कला मुद्दाम शिकली. दगडावरून कागदावर छाप यायचा तो नुसता काळा. रंग त्यानंतर, प्रत्येक प्रतीवर, प्रत्येक पानावर हाताने भरायचे. एक नमुना रंगवून समोर ठेवलेला असायचा आणि तो बघून रंगवणारे एकेक रंग चढवत जायचे. डोळ्याला चमक यावी म्हणून त्यावर डिंकाच्या पाण्याचा हात फिरवत. गोल्डकडे हे काम बेफील्ड नावाचा माणूस बघायचा. अमेरिकेतल्या पक्ष्यांचा ऑड्युबॉनचा ग्रंथ तर ४३५ चित्रांचा. त्याच्या लंडनच्या छापखान्यात एका वेळी ५० पर्यंत रंगवणारी माणसं बसत. त्या काळच्या अशा कामात बायका आणि मुली पुष्कळ असायच्या, आणि मजुरी नगावर. हे वाचलं तेव्हा मला आपल्या सोलापूरच्या विड्या वळणाऱ्या बायका आठवल्या. सुपात पान, मान खाली, हजारावर मजुरी. चित्राखाली त्या रंगवणारणींची नावं नाहीत.

एलिझाबेथ सदतिसाव्या वर्षी गेली, १८४१ मध्ये, आठव्या बाळंतपणानंतरच्या तापाने. त्याआधी दोन वर्षं ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला जाऊन आली होती. थोरल्या मुलाला बरोबर नेलं, धाकटी तिघं आईजवळ ठेवली. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव नवऱ्याचं. ती गेल्यावर त्याने एका सुंदर रंगीत मुनियेला तिचं नाव दिलं, एवढं मात्र केलं.

आता रंग. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. बिस्किटाचा पुडा असो की आइस्क्रीमचा डबा, मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचते. ई १२० दिसला की ठेवून देते, कारण तो लाल रंग किडे वाळवून करतात. तोच किड्यांचा लाल त्या काळच्या चित्रकाराच्या पेटीत असायचा. सेपिया नावाचा तपकिरी रंग समुद्रातल्या माकुळाच्या शाईचा. भारतातून एक पिवळा रंग विलायतेला जायचा. गाईंना नुसती आंब्याची पानं चारायची, त्यांचं मूत्र धरायचं आणि ते आटवून त्याचे गोळे करायचे. बंगालच्या त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी मुंगेरजवळच्या एका गावी जाऊन हे पाहिलं आणि १८८३ मध्ये लिहून ठेवलं. गाई खंगून जायच्या. कागद पक्का करायला कातड्याचं सरस. म्हणजे पक्षी तर मेलाच, पण पानात आणि रंगातही जीव असायचे. प्रत्येक चित्रात हे सगळं होतं असं मी म्हणत नाही. पण त्या काळची पेटी अशीच असायची.

शिकारीचा हिशोब तर याहून मोठा आहे. अहमदनगर भागात मॅन्सफिल्ड नावाच्या एका साहेबाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारले, अशी नोंद आहे. मी बी.कॉम. झालेली, आकडा दिसला की भागाकार करते. वर्षाला ४८. जवळजवळ दर आठवड्याला एक. माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. या दोन आकड्यांचा मेळ कसा बसणार, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी कर्नल साइक्स यांनी केली. सरकारने त्यांना इकडची आकडेवारी गोळा करायला नेमलं होतं. शेतं, पीक, लोकसंख्या मोजता मोजता त्यांनी पक्षीही मोजले. १८३२ मध्ये त्यांची यादी लंडनला छापली गेली, दोनशेहून अधिक पक्षी. एका रातव्याला त्यांनी मराठ्यांच्या मुलखाचं नाव दिलं, ते शास्त्रात अजून चालू आहे. पुढे ते लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेचे अध्यक्ष झाले. हिशोबी माणूस म्हणून मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटते, हे कबूल करते. पण पक्षी काय खातो ते कळावं म्हणून तेही त्याचं पोट फाडून बघायचे. तेव्हा दुर्बिणीने लांबून बघून पक्षी ओळखण्याची पद्धत नव्हती. हातात आल्याशिवाय नोंद नाही, आणि हातात यायचा तो मेलेलाच.

म्हणजे काकूंची शंका खोटी नाही. आता प्रश्न असा की भिंतीवर ती तसबीर लावणं म्हणजे अनुमोदना होते का?

आपण लहानपणापासून पाठ केलंय: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला मनाने बरं म्हटलं, तिन्हीत कर्मबंध. यशोधर राजाची कथाही सगळ्यांना माहीत आहे. आईच्या आग्रहाखातर त्याने देवीपुढे कोंबडा मारला, तोही पिठाचा. एक थेंब रक्त सांडलं नाही. तरी माय-लेकांना जन्मोजन्म जनावरांच्या योनीत फिरावं लागलं, पहिल्याच जन्मी तो मोर आणि ती कुत्री. सोमदेवसूरींच्या यशस्तिलकात ही कथा आहे, आणि त्या ग्रंथावरचा हंदिकी यांचा मोठा अभ्यास १९४९ मध्ये आपल्या सोलापुरातूनच, जीवराज जैन ग्रंथमालेतून निघाला. ज्यांच्या घरी कपाटात आहे त्यांनी धूळ झटकावी.

यशोधराच्या हातात पक्ष्याची प्रतिमा होती आणि मनात मारण्याचा भाव होता. आमच्या भिंतीवरही प्रतिमाच आहे. पण ती बघताना मनात काय येतं? माझ्या तर आलं, हा पक्षी मी पाहिला आहे. मारणाऱ्याची वाहवा मनात आली नाही. भाव बघायचा तर इथे दोष कुठे लागतो, मला दिसत नाही. मी पंडित नाही, चूक असेल तर सांगा.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. रेशमी साडी आपण पूजेला नेसत नाही, पुष्कळ जणींनी सोडलीच आहे. कारण उघड आहे. आज मी एक साडी घेतली की दुकानदार उद्या दुसरी मागवतो आणि तिकडे पुन्हा कोसले उकळत्या पाण्यात पडतात. वरखाचंही तेच. चामड्यात ठेवून कुटलेला वरख मिठाईवर लावला की मागणी चालू राहते. तो बंद व्हावा म्हणून आपल्या लोकांनी किती वर्षं आवाज उठवला, तेव्हा २०१६ मध्ये सरकारने प्राणिज वस्तू वापरून केलेल्या वरखावर बंदीचा नियम काढला. पण १९० वर्षांपूर्वीच्या चित्राची छापील नक्कल घेतल्याने कुठल्या पक्ष्यावर बंदूक रोखली जात नाही. मागणी नाही, तर कारितही नाही.

एक मात्र सांगते. मूळ हाताने रंगवलेलं पान विकत मिळतं आणि परदेशात लोक फ्रेम करून लावतात. त्याच्या मात्र मी विरोधात आहे. सुटी पानं जास्त किमतीला जातात म्हणून पुष्कळ जुने ग्रंथ फाडले गेले आहेत. श्रुतपंचमीला आपण ग्रंथांची वेष्टनं बदलतो, एक पान सुटलं तर जीव खालीवर होतो. आणि दिवाणखान्यासाठी ग्रंथ फाडायचा? सुनेने संगणकावरून उतरवून कागदावर छापून घेतलं, ते बरं केलं.

मग फोनवरच्या दुसऱ्या बाईंचं "चित्रच तर आहे" मला का पटलं नाही? कारण ते सोपं उत्तर आहे. "किती सुंदर रंग!" म्हणायचं आणि पुढे जायचं. जमेची बाजू वाचायची, नावेची झाकून ठेवायची. कॉलेजात आम्हाला असा ताळेबंद कुणी पास केला नसता. सुनेने त्या दिवशी सगळ्यांसमोर खरं सांगितलं, ते कुणाला आवडलं नाही. पण चित्र लावायचंच असेल तर असं सांगूनच लावावं.

ॲलन ह्यूम यांचं नाव राष्ट्रसभेमुळे आपण शाळेत शिकलो. पण ते हिंदुस्थानच्या पक्ष्यांचे त्या काळातले सर्वांत मोठे संग्राहकही होते, हे शाळेत सांगत नाहीत. त्यांच्या पुस्तकासाठी वर्षानुवर्षं जमवलेली हस्तलिखितं शिमल्यात घरच्या नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. १८८५ मध्ये त्यांनी आपला संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला, कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८०,०००. आणि हाच माणूस पुढे शाकाहारी झाला, पक्षी मारण्याच्या विरोधात गेला. ८०,००० नंतर! हे वाचून मी हसले आणि मग गप्प झाले. ज्याला कळलं त्याला कळलं, उशिरा का होईना. प्रतिक्रमण तरी आणखी काय असतं?

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ते.

लग्नानंतर पहिल्यांदा कुंथलगिरीला निघालो होतो. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये जिथे समाधी घेतली ते स्थान सासूबाईंना मला दाखवायचं होतं. बार्शी रस्त्याने नान्नज ओलांडलं आणि सासूबाईंनी खिडकीतून बोट दाखवलं. "तो बघ, बोकडाएवढा पक्षी." कुसळाच्या पिवळ्या गवतात तो उभा होता. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी. आमच्याकडे बघत होता, पण घाबरला नव्हता. दोन पावलं सावकाश टाकली, एखाद्या घरातला वडीलधारा माणूस चालतो तशी. गाडी पुढे गेली. आयुष्यात मी तो एकदाच पाहिला.

नान्नजला माळढोक आहेत हे सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी जगाला दाखवलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य झालं. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले आणि सगळा राग पक्ष्यावर निघाला. आमच्याच घरात मी ऐकलंय, "त्या पाखराने आमचा एन.ए. अडवला!" नंतर हद्द कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटर झाली. तोवर माळ राहिला होता कुठे? नान्नज तर द्राक्षांचं गाव. तिथल्या नानासाहेब काळे यांनी काढलेल्या जातीचं नाव 'सोनाका', म्हणजे सोलापूर, नान्नज, काळे. आपण बेदाणे खातो त्यात ती असते. गावाने कष्टाने नाव मिळवलं, त्यांना दोष देणारी मी कोण? पण ज्या जमिनीला आपण पडीक म्हणतो, ती माळढोकाची वसती होती. त्याला झाडी नको, उघडं गवत हवं. आता त्याच्या वाट्याला विजेच्या तारा आल्या. त्याला समोरचं नीट दिसत नाही, जड शरीर, तारेवर आदळतो. सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये त्यात लक्ष घालावं लागलं. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. एके काळी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचंही नाव पुढे होतं. १९६३ मध्ये मोर झाला.

आणि आमची स्वतःची जमीन. त्याच बाजूला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, आमच्या यजमानांनी आणि दिरांनी मिळून तीन एकर घेतली होती. घेतली तेव्हा नुसता माळ होता. मी स्वतः तिथे उभी राहून म्हटलं होतं, "हे काय, सगळं कुसळच!" मशीन लावून सपाट केली, वाट्याने दिली, द्राक्षं लागली. छाटणीपासून काढणीपर्यंत त्या बागेवर फवारण्या किती होतात, ते मी कधी मोजलं नाही. किड्याचा रंग असलेलं बिस्किट मी परत ठेवते, आणि त्या बागेचा वाटा दरवर्षी घरात येतो. उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, हे शास्त्र मलाही माहीत आहे. पण कमी करायची असते, एवढंही त्याच शास्त्रात आहे.

आपल्या जीवदयेविषयी मला हेच म्हणायचंय. दिल्लीच्या लाल मंदिरात पक्ष्यांचं रुग्णालय आहे, त्याला आपण देणगी देतो, चांगलं करतो. गच्चीवर दाणे टाकतो. पण दाणे खायला येतो तो कबुतर. जो आपल्याकडे येत नाही, ज्याला आपण फक्त जागा सोडायची असते, तो आपल्या दयेच्या वहीत बसत नाही. सुमतिनाथ भगवंतांचं लांछन चकवा. तो हिवाळ्यात आपल्या उजनीवर येतो. आपल्यापैकी किती जणींनी तो पाहिलाय? मीही पासष्टी जवळ आल्यावर, सुनेबरोबर जाऊन पाहिला. हॉलमधलं चित्र काढून टाकायला सांगणाऱ्या बाईंना मी हेच विचारलं, रागावून नाही. चित्र काढलं की आपली जबाबदारी संपते का? साहेबांनी बंदुकीने मारले, ते दिसतं. आपण सातबाऱ्याने मारले, ते दिसत नाही.

वाट्याचा करार येत्या पाडव्याला संपतोय. मी यजमानांना म्हटलं, मागचा एक एकर तसाच सोडा, गवत येऊ द्या. ते म्हणाले, "एक एकरात माळढोक येतो होय?" बरोबर आहे त्यांचं, नाही येणार. चंडोल तरी अंडी घालतील. दिरांना विचारायचं अजून बाकी आहे, त्यांचाही अर्धा हिस्सा आहे, आणि ते ऐकतील असं वाटत नाही.

तसबीर देवघरासमोरून काढली, काकूंचं तेवढं ऐकलं. आता ती जिन्याजवळ आहे. सुनेने मागच्या पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलंय: चित्र एलिझाबेथ गोल्ड, लंडन, पक्षी मारून आणलेला. त्याखाली मी माझ्या हाताने कुंथलगिरीच्या वाटेवर पाहिलेल्या माळढोकाची ओळ घातली. गेल्या आठवड्यात काकू पुन्हा आल्या होत्या. जिन्यात थांबून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या शेतातपण यायचा गं हा. याला मी विसरलेच होते."